धावपट्टीला खोटी गुणपत्रिका चालत नाही

रात्रीचे साडेदहा वाजले असतील. अंकाचे शेवटचे पान हातावेगळे करून नुकताच घरी परतलो होतो, तोच भ्रमणध्वनी वाजला. पलीकडे भाचा होता. वय वर्षे वीस. वैमानिक व्हायचे या एकाच ध्यासाने घरापासून दूर, एका उड्डाण प्रशिक्षण संस्थेत दाखल झालेला. (संस्थेचे नाव येथे मुद्दामच देत नाही, प्रश्न एका संस्थेचा नाही.) एरवी त्याचा फोन आला की पाच मिनिटे ढगांचे वर्णन ऐकावे लागते. त्या रात्री मात्र तो बराच वेळ काही बोलेचना. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मामा, आईला सांगू नकोस. आज माझ्या हातून विमान आपटलं."

मी प्रथम विचारले, "तुला लागलं का?" तो म्हणाला, "नाही." आणि त्यानंतरचा माझा दुसरा प्रश्न होता, "खर्च किती येईल?" हे लिहिताना आज मला संकोच वाटतो. परंतु या लेखाचा विषय खरेपणा हाच असल्यामुळे तो प्रश्न झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

भाचा सुखरूप होता. एकट्याने केलेल्या उड्डाणात, उतरताना विमानाने तीन उसळ्या घेतल्या. तिसऱ्या उसळीत नाकाखालचे चाक वाकले आणि पंख्याची पाती धावपट्टीला घासली. हे सारे सांगून झाल्यावर तो पुन्हा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, खरी गोष्ट वेगळीच आहे. परवा हेच विमान मी जोरात टेकवलं होतं. धाडकन आवाज आला. आजूबाजूला पाहिलं, कुणाचंच लक्ष नव्हतं. मी नोंदवहीत काही लिहिलं नाही. काल त्याच विमानातून दुसरी एक मुलगी उडाली. तिला काही झालं असतं तर?"

मोडलेल्या विमानाने त्याची झोप उडवली नव्हती. न मोडलेल्या विमानाने उडवली होती. त्या रात्रीपासून हा विषय माझ्या मनातून जात नाही.

उतरणे म्हणजे काय?

मी कलाशाखेचा पदवीधर. उड्डाणशास्त्राशी माझा संबंध विमानाच्या खिडकीपुरता. म्हणून हवाई दलातून निवृत्त झालेल्या आणि आयुष्याची अनेक वर्षे नवशिक्यांना शिकवण्यात घालवलेल्या एका स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी चहाच्या टेबलावर वर्तमानपत्राची धावपट्टी केली आणि चष्म्याच्या डबीचे विमान. दोन तासांत जे समजले ते सामान्य वाचकाला समजेल अशा शब्दांत मांडतो.

आपल्याला वाटते की विमान उडवणे कठीण आणि उतरवणे म्हणजे केवळ खाली येणे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. पुरेसा वेग मिळाला की छोटे विमान जमीन सोडायला स्वतःच उत्सुक असते. उतरताना मात्र वैमानिकाला परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. वेग कमी करायचा, पण इतका नव्हे की पंखांचा आधारच सुटेल. खाली यायचे, पण आदळायचे नाही.

सेस्ना १५२ हे जगभर प्रशिक्षणासाठी वापरले जाणारे दोन आसनांचे विमान. माणसे आणि इंधन धरून त्याचे कमाल वजन सुमारे ७५७ किलो, म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढे. ते धावपट्टीकडे येते साधारण साठ नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटर वेगाने. जमीन दहा-पंधरा फुटांवर आली की वैमानिक इंजिनाची शक्ती काढून घेतो आणि नाक हळूहळू वर उचलू लागतो. या क्रियेला 'फ्लेअर' म्हणतात. विमान जमिनीला समांतर तरंगते, वेग ओसरत जातो आणि पंखांखालची मुख्य चाके आधी टेकतात. नाकाखालचे चाक शेवटी, अलगद. ते चाक मुळात दिशा देण्यासाठी असते. विमानाचा भार झेलण्यासाठी नव्हे.

हे सगळे घडते काही सेकंदांत. विद्यार्थ्याची चूकही त्याच काही सेकंदांत होते. फ्लेअर फार वरच केला तर विमान हवेत अडखळते, वेग संपतो आणि ते दगडासारखे खाली येते. उशिरा केला तर नाकाचे चाक आधी आपटते. वेग जास्त असेल तर विमान टेकायलाच तयार होत नाही, धावपट्टी मात्र मागे पळत राहते. वेगाचे गणित मोठे निर्दय आहे. ६० नॉटऐवजी ७० नॉटने आलात तर वेग वाढतो एक षष्ठांशाने. पण विमानाच्या अंगातली, जिरवावी लागणारी ऊर्जा वाढते एक तृतीयांशाहून अधिक. कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

वारा समोरून आला तर मदत करतो. आडवा आला तर विमानाला धावपट्टीवरून बाजूला ढकलू लागतो. मग एका बाजूचा पंख किंचित खाली, पायांनी नाक सरळ, अशी कसरत करावी लागते. जमिनीवर टेकल्यानंतरही विमानाची दिशा पायांनी राखायची असते. ज्याच्या हातांना मोटार चालवण्याची सवय, त्याला हे लवकर उमगत नाही. त्यात उन्हाळ्याची दुपार असेल, दख्खनचे पठार तापलेले असेल, तर जमिनीवरून उठणारे गरम हवेचे झोत चिमुकल्या विमानाला पानासारखे हलवतात. शिवाय गरम आणि उंचावरची हवा विरळ. वेगदर्शकावर आकडा तोच दिसतो, पण जमिनीच्या हिशेबाने विमान अधिक वेगाने येत असते.

तिसरी उसळी

आता भाच्याच्या उसळ्यांकडे येऊ. विमान जरा जोरात टेकले की चेंडूसारखे वर उसळते. अशा वेळी माणसाचे मन काय सांगते? 'जमीन निसटली, पकड तिला.' हात आपोआप दांडा पुढे ढकलतो, नाक खाली जाते, नाकाचे चाक आपटते आणि दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी होते. घाबरलेला हात पुन्हा दांडा पुढे ढकलतो. तिसऱ्या उसळीला बहुधा चाकाचा दांडा वाकतो, पंखा जमिनीला घासतो आणि त्याचा झटका इंजिनाच्या आतपर्यंत पोहोचतो. म्हणून पंखा घासला की इंजिन उघडून तपासावे लागते, मग बाहेरून ते कितीही ठणठणीत दिसो.

माझे स्नेही म्हणाले, "पहिली उसळी ही चूक नव्हे. ती प्रत्येकाची होते, माझीही झाली. चूक आहे ती जमिनीचा हट्ट धरण्याची." उपाय अगदी साधा आहे. उसळी लहान असेल तर नाक आहे तसे धरून विमानाला स्वतः बसू द्यायचे. मोठी असेल, किंवा मनात किंचितही शंका असेल, तर इंजिनाला पूर्ण शक्ती द्यायची, पुन्हा वर जायचे आणि एक फेरी मारून नव्याने उतरायला यायचे. वैमानिकांच्या भाषेत याला 'गो-अराउंड' म्हणतात. आपण त्याला 'फेरफेरी' म्हणू.

या फेरफेरीत इंधन किती जाते? थोडेसे. वेळ किती? काही मिनिटे. मग विद्यार्थी ती का घेत नाही? कारण खाली मित्र पाहत असतात, प्रशिक्षक पाहत असतात. परत फिरणे म्हणजे जमले नाही, असे त्याला वाटते. लहानपणापासून आपण त्याला पुढे जाण्याचे, पहिले येण्याचे, हार न मानण्याचे धडे दिलेले असतात. वेळीच मागे फिरणे हाही पुरुषार्थ असतो, हा धडा कोणी दिला? शिवछत्रपतींचे चरित्र आपण घरोघर सांगतो. परंतु प्रतिकूल वेळी माघार घेऊन पुन्हा उभे राहण्याची त्यांची रीत सांगताना आपला आवाज जरा खाली येतो आणि तलवारीच्या प्रसंगाला चढतो. मुले तो चढलेला आवाज लक्षात ठेवतात.

हा कलंक नव्हे

या विषयातील एक गोष्ट पालकांनी स्वच्छ समजून घेतली पाहिजे. छोट्या विमानांच्या अपघातांची अमेरिकेत अनेक वर्षे बारकाईने छाननी होते. तिचा निष्कर्ष सातत्याने एकच आहे : वैमानिकाच्या चुकीने होणाऱ्या अपघातांत सर्वाधिक संख्या उतरतानाच्या अपघातांची असते आणि त्यांत प्राण गमावण्याचे प्रमाण मात्र अगदी अल्प असते. जमीन जवळ असते, वेग कमी झालेला असतो. धातू वाकतो, माणूस बहुधा वाचतो. उतरताना चुकणे हा शिकण्याचाच एक भाग आहे. लहान मूल चालायला शिकताना पडते, त्याला आपण अपराधी मानत नाही.

किंबहुना नवशिके वैमानिक किती धीराने उतरू शकतात, याचीही उदाहरणे आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात बेव्हर्ली येथे एकटीने उड्डाण करणाऱ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या विमानाचे एका बाजूचे चाक उड्डाण करतानाच गळून पडले. खाली असलेल्या प्रशिक्षकाने रेडिओवरून तिला धीर दिला, एकेक पायरी सांगितली आणि तिने विमान सुखरूप उतरवले. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या जांदाकोट विमानतळावर याहून अद्भुत प्रसंग घडला. धडा चालू असताना सेस्ना १५२ मधील प्रशिक्षकच आकाशात बेशुद्ध पडला. शेजारच्या विद्यार्थ्याने तोवर एकदाही विमान उतरवलेले नव्हते. नियंत्रण कक्षातील आवाजाने सुमारे तासभर त्याला सोबत केली आणि तो उतरला. दोघेही वाचले.

दोन्ही प्रसंगांत विमानात नसलेली एक गोष्ट कामी आली : खालून येणारा शांत आवाज. 'घाबरू नकोस, मी आहे' असे म्हणणारा. शिष्याची चूक ऐकून ज्याचा आवाज चढत नाही तो गुरू, ही व्याख्या मला या दोन घटनांनी दिली. आता आपण स्वतःला विचारू या. आपल्या घरातून, आपल्या शाळांतून, आपल्या प्रशिक्षण संस्थांतून मुलांना असा आवाज ऐकू येतो का? की चूक कबूल केल्याबरोबर दंडाची पावती, सर्वांसमोर पाणउतारा आणि घरी कर्जाच्या हप्त्याची आठवण?

गोव्याची आठवण

लपवण्याची सवय कोठवर जाते, याचे एक जुने उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. २०११ च्या जानेवारीत गोव्याला एक प्रवासी विमान उतरले. मुख्य चाके टेकण्याआधी नाकाचे चाक टेकले आणि त्याची हानी झाली. चौकशी सुरू झाली. ती चौकशी चाकापाशी थांबली नाही, कागदपत्रांपर्यंत गेली. ज्या परीक्षेच्या आधारे वरिष्ठ परवाना मिळाला होता तिची गुणपत्रिकाच बनावट असल्याचे निष्पन्न झाले. पुढे तपास वाढला, तशी बनावट गुणपत्रिका जोडणारी आणखी प्रकरणे उघडकीस आली, अटका झाल्या. त्याच वर्षी राजस्थानात आणखी एक प्रकार उघड झाला. प्रत्यक्षात न केलेल्या उड्डाणांचे तास विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत लिहिले गेले होते.

या देशात गुणपत्रिका विकत मिळते, जातीचा खोटा दाखला मिळतो, प्रसंगी प्रबंधही मिळतो. कार्यालयात खुर्चीवर बसलेल्या माणसाचे खोटे वर्षानुवर्षे खपून जाते, कारण खुर्ची तक्रार करत नाही. धावपट्टी करते. तिच्यापुढे वशिला चालत नाही, ओळख चालत नाही, खोटी गुणपत्रिका चालत नाही. वैमानिकाच्या नोंदवहीतला प्रत्येक खोटा तास कधी ना कधी जमीन त्याच्याकडून वसूल करते. दुर्दैव इतकेच की वसुली पुष्कळदा त्याच्या एकट्याकडून होत नाही. मागच्या आसनांवर बसलेल्यांकडूनही होते.

बनावट गुणपत्रिका आणि भाच्याने न लिहिलेली एक ओळ, यांची तुलना कठोर वाटेल. पहिला गुन्हा आहे, दुसरी घाबरलेल्या मुलाची कमजोरी. परंतु वाट एकच आहे. अंतर केवळ किती पुढे गेलो याचे. आज एक ओळ लिहायची राहिली, उद्या अर्धा तास जास्त लिहिला जातो. तपासनिसाला त्या ओळीची गरज असते. जोरात टेकलेल्या विमानाच्या चाकाच्या दांड्यात, किंवा इंजिन आणि वैमानिक यांच्यामधल्या भिंतीत, डोळ्यांना न दिसणारी इजा झालेली असू शकते. लिहिले तर तंत्रज्ञ ती शोधतो. लिहिले नाही तर पुढचा विद्यार्थी ती शोधतो, आकाशात.

अमेरिकेने हे पूर्वीच ओळखले. १९७६ पासून तेथे 'नासा' या संस्थेमार्फत एक व्यवस्था चालते. वैमानिकाने आपल्या हातून झालेली चूक स्वतःहून कळवली तर त्याचे नाव गुप्त राहते आणि हेतुपुरस्सर केलेला गुन्हा वा अपघात नसेल, तर ठरावीक अटींवर शिक्षेपासून त्याला संरक्षणही मिळते. चूक एकाची, शहाणपण सर्वांचे, असा तो व्यवहार आहे. स्वेच्छेने माहिती देण्याची सोय आपल्याकडच्या नियमांतही आहे. परंतु नियम कागदावर असणे वेगळे आणि वीस वर्षांच्या मुलाला त्याचा भरवसा वाटणे वेगळे.

आपल्या अंगणातला प्रश्न

हा विषय मूठभर श्रीमंतांच्या मुलांचा आहे, असे कोणी म्हणेल. तसे आता राहिलेले नाही. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तेव्हा ही हौस खरोखरच मोजक्यांची होती. १९३२ साली त्यांनी कराचीहून टपालाचे विमान जुहूला उतरवले. तेथील धावपट्टी अशी, की पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि सेवा पुण्याहून चालवावी लागे. उतरण्याच्या जागेचा विचार आधी, उड्डाणाचा नंतर, ही शिस्त त्या पिढीला परिस्थितीनेच शिकवली होती.

आज चित्र पालटले आहे. २०२३ या एका वर्षात इंडिगोने एअरबसकडे ५०० आणि एअर इंडियाने एअरबस व बोइंग मिळून ४७० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी देशात १,६२२ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले गेले. आपल्या वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के असून ते जगात सर्वाधिक असलेल्या देशांत गणले जाते. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. बारामती, गोंदिया अशा गावांच्या आकाशात आज प्रशिक्षण विमाने घिरट्या घालतात आणि शिक्षक, बँक कर्मचारी, शेतकरी यांची मुले त्यांत बसलेली असतात.

परंतु अभिमानासोबत जबाबदारीही येते. २०२२ च्या जुलैमध्ये इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात एकटीने उड्डाण करणाऱ्या प्रशिक्षणार्थी तरुणीचे विमान शेतात कोसळले. सुदैवाने ती वाचली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बारामती परिसरात अवघ्या चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवले. २०२५ मध्ये महासंचालनालयाने देशातील उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणीनिहाय क्रमवारी प्रथमच जाहीर केली, तेव्हा सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसू शकली नाही. या एका वाक्यावर जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

कारणे गुंतागुंतीची आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. विद्यार्थी अनेक, विमाने थोडी, अनुभवी प्रशिक्षक त्याहून थोडे. जो प्रशिक्षक शिकवण्यात मुरतो न मुरतो तोच त्याला मोठ्या विमान कंपनीचे बोलावणे येते, आणि तेथील वेतन पाहता त्याला दोष तरी कसा द्यावा? मग हवामान बरे असेल त्या दिवशी सर्वांनाच घाई. घाईत दिलेला धडा आणि घाईत केलेले उतरणे, दोन्हींची गत एकच होते.

घरातला दाब

आणि या सर्वांहून मोठा दाब येतो घरातून. व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च आज सहजच चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. मध्यमवर्गीय घरात एवढी रक्कम म्हणजे भविष्य निर्वाह निधी, गावाकडचा जमिनीचा तुकडा, आईचे दागिने आणि वर बँकेचे कर्ज. मुलाला हे ठाऊक असते. नाकाचे चाक वाकते तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर चाक नसते, आईच्या बांगड्या असतात. मग तो लपवतो. लबाड आहे म्हणून नव्हे, माया आहे म्हणून. चांगल्या घरातली मुले असे वागतात, म्हणूनच हा प्रश्न आपला आहे.

आपण मुलांना विचारतो, "किती तास झाले?" जसे शाळेत असताना विचारत होतो, "किती गुण पडले?" या ऐवजी एकदा विचारून पाहावे, "या आठवड्यात किती वेळा मागे फिरलास?" मुलगा चकित होईल. पण जो पालक फेरफेरीचे कौतुक करतो त्याचा मुलगा तिसऱ्या उसळीपर्यंत जात नाही.

संस्थांकडून अपेक्षा आहेत त्या फार खर्चिक नाहीत. विद्यार्थ्याने स्वतःहून नोंदवलेल्या जोरदार उतरण्यासाठी त्याला दंड नको; लपवलेल्यासाठी अवश्य हवा, आणि कडक हवा. आठवड्यातून एकदा सर्व विद्यार्थ्यांना एकत्र बसवून प्रशिक्षकाने आधी स्वतःची एखादी चूक सांगावी. गुरूने पहिले पाऊल टाकले की शिष्यांची जीभ मोकळी होते. एकट्याने उड्डाणाची परवानगी देण्यापूर्वी विद्यार्थी किती चांगला उतरतो एवढेच न पाहता, बिघडलेले उतरणे तो वेळेवर सोडून देतो का, हेही पाहिले जावे. महासंचालनालयाने श्रेणी ठरवताना, जी संस्था अधिक चुका प्रामाणिकपणे नोंदवते तिला उणे न धरता अधिक धरावे. ज्या संस्थेच्या वहीत वर्षभरात एकही चूक नाही, तेथे आधी तपासणी व्हावी. नवशिके असूनही चुका होत नाहीत, अशी जागा पृथ्वीतलावर नाही.

दुसऱ्या दिवशी

त्या रात्री मी भाच्याला एवढेच म्हणालो, "उद्या सकाळी पहिलं काम, सरांकडे जा आणि परवाचंही सांग." तो म्हणाला, "काढून टाकतील." मी म्हणालो, "काढलं तर परत ये. घर आहे."

तो गेला. प्रशिक्षकांनी ऐकून घेतले. काही आठवडे त्याचे एकट्याने उडणे बंद केले आणि पुन्हा शेजारी बसून उतरण्याचे धडे दिले. विमानाची तपासणी झाली. ज्या मुलीने मधल्या दिवशी ते विमान नेले होते तिला तो स्वतः जाऊन भेटला. ती काय म्हणाली ते त्याने मला सांगितले नाही, मीही विचारले नाही.

त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मीच सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने त्याला फोन लावला. मला वाटले, आता रडारड होणार. तिने विचारले, "जेवलास का?" आणि मग, "बाळा, पुन्हा असं झालं तर आधी मला सांग. पैशांचं आपण बघू."

गेल्या आठवड्यात भाच्याचा पुन्हा फोन आला. आडवा वारा होता, दोनदा उतरणे जमेना, दोन्ही वेळा तो वर निघून गेला. तिसऱ्यांदा विमान अलगद टेकले. त्याने ते सांगितले ते मात्र वेगळ्याच क्रमाने. प्रथम म्हणाला, "मामा, आज मी दोनदा मागे फिरलो." उतरल्याचे त्याने नंतर सांगितले.